घर व अंगणातील सर्पप्रतिबंध (सडक अर्जुनी तालुका)

घर व अंगणातील सर्पप्रतिबंध म्हणजे राहते घर, अंगण, गोठा आणि परसदार यांत सापांचा शिरकाव व मुक्काम कमी करण्यासाठी, तसेच माणूस आणि साप यांची अनपेक्षित गाठ टाळण्यासाठी केले जाणारे उपाय. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गोंदिया जिल्ह्यात असलेला सडक अर्जुनी तालुका धानाची शेती, तलाव आणि जंगल यांनी वेढलेला असल्याने तेथे हा विषय रोजच्या जगण्याशी जोडलेला आहे. सापाला खात्रीने दूर ठेवणारे कोणतेही द्रव्य, वनस्पती किंवा यंत्र उपलब्ध नाही. प्रतिबंधाचा सारा भर सापाचे भक्ष्य, त्याचा आडोसा आणि घरात येण्याची वाट या तीन गोष्टी कमी करण्यावर असतो. धान पिकवणाऱ्या घरात या तिन्ही गोष्टी पूर्णपणे नाहीशा करता येत नाहीत. त्यामुळे रात्री झोपण्याची पद्धत ही संरक्षणाची शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची फळी ठरते.

परिसर

सडक अर्जुनी हे मुंबई–कोलकाता मार्गाचा भाग असलेल्या राष्ट्रीय महामार्ग ५३ वरील तालुक्याचे ठिकाण आहे. गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. तालुक्यातून चुलबंद नदी वाहते. २०१३ मध्ये घोषित झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचे जंगल या परिसराला लागून आहे. भंडारा व गोंदिया हे जिल्हे माजी मालगुजारी तलावांसाठी ओळखले जातात आणि या तलावांच्या पाण्यावर धानाची शेती उभी राहिली आहे.

खरिपात पाण्याने भरलेल्या बांध्यांत बेडूक, खेकडे व मासे वाढतात, तर बांध्यांच्या धुऱ्यांमध्ये उंदीर आणि घुशी बिळे करतात. गावातील अनेक घरांच्या भिंतीपासून काही पावलांवर बांधी सुरू होते. मातीच्या भिंती, कवेलूचे छप्पर, घराला लागून गोठा, तणसाचा ढीग, सरपण आणि मागे सांदवाडी (परसबाग) अशी घरांची पारंपरिक रचना आहे. शेत आणि घर यांच्यातील अंतर फार थोडे असल्याने शेतातील साप घराच्या आवारापर्यंत येणे स्वाभाविक असते.

आढळणारे साप

भारतात सर्वाधिक मृत्यूंना कारणीभूत ठरणाऱ्या चार विषारी सापांपैकी नाग, मण्यार आणि घोणस हे तीन धानपट्ट्यातील वस्तीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. चौथा साप, म्हणजे फुरसे, ओलसर बांध्यांपेक्षा कोरड्या, खडकाळ आणि विरळ झुडपांच्या जागी राहणे पसंत करतो.

नाग: उंदरांची बिळे, वारुळे, जुन्या भिंतींच्या भेगा आणि धान्याच्या साठ्याजवळ आढळतो. उंदीर, बेडूक, इतर साप, पक्ष्यांची अंडी व पिल्ले हे त्याचे अन्न आहे. बहुधा फणा काढून तो इशारा देतो. पावसाळ्यात अंड्यांतून बाहेर पडलेली नागाची पिल्लेही जन्मापासून विषारी असतात.

मण्यार: काळसर चकचकीत शरीरावर पांढरे बारीक आडवे पट्टे असतात आणि ते बहुधा जोडीजोडीने दिसतात. हा साप रात्री फिरतो आणि इतर साप, पाली, उंदीर यांवर जगतो. भक्ष्याच्या शोधात तो घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणापर्यंत पोहोचू शकतो. त्याच्या दंशाची वेदना फार कमी असते व दातांच्या खुणा अनेकदा दिसत नाहीत. झोपेतील माणसाला दंश झाल्याचे कळतच नाही, हा त्याचा सर्वांत मोठा धोका आहे.

घोणस: तपकिरी अंगावर गडद गोलाकार ठिपक्यांच्या तीन रांगा असलेला जाड शरीराचा साप. गवत, कुंपण, पालापाचोळा आणि कापलेल्या धानाच्या कडपांखाली तो निश्चल पडून राहतो. डिवचला गेल्यास मोठ्याने फुत्कारतो. मादी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते.

पूर्व विदर्भात काळे-पिवळे रुंद पट्टे असलेला पट्टेरी मण्यार हा विषारी सापही आढळतो.

घरांजवळ दिसणारे अनेक साप बिनविषारी असतात. धामण उंदीर मोठ्या प्रमाणात खाते, परंतु लांबी आणि वेग यांमुळे अनेकदा नाग समजून मारली जाते. दिवड पाण्याजवळ राहून बेडूक व मासे खाते. कवड्या साप पालींच्या मागे भिंतींवर चढतो व मण्यार समजून मारला जातो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होतात, तर मण्यारीचे पट्टे डोक्याकडे पुसट व शेपटीकडे स्पष्ट असतात. हा फरक दुरून, विशेषतः अंधारात, खात्रीने ओळखता येत नाही. त्यामुळे अनोळखी साप विषारी आहे असे धरूनच वागणे सुरक्षित असते.

साप घराकडे येण्याची कारणे

साप माणसाच्या शोधात येत नाही. घरातील धान्य उंदरांना बोलावते आणि उंदीर सापाला. अंगणातील दिव्यावर किडे जमतात, किड्यांसाठी बेडूक व पाली येतात आणि त्यांच्या मागे साप येतात. खुराड्यातील अंडी व पिल्लेही सापांचे भक्ष्य असतात.

दुसरे कारण आडोसा हे आहे. सापाला अंग टेकून राहता येईल अशी अरुंद, अंधारी व शांत जागा लागते. विटा-कवेलूंचा ढीग, सरपण, गोवऱ्यांची रास, पडीक खोली आणि उंदरांनी सोडलेली बिळे अशी जागा पुरवतात. साप स्वतः बीळ खोदण्यापेक्षा उंदीर-घुशींची बिळे वापरतात.

तिसरे कारण हवामान आहे. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरल्यावर साप उंच व कोरड्या जागी येतात. उन्हाळ्यात माठ-रांजणाखालची ओल, न्हाणीघर आणि मोरीजवळचा गारवा त्यांना आकर्षित करतो.

प्रतिबंधक उपाय

अंगण आणि सांदवाडी

घराभोवतीची काही फूट रुंदीची पट्टी गवत, झुडपे व पालापाचोळ्यापासून मोकळी ठेवतात. सारवलेल्या किंवा स्वच्छ झाडलेल्या अंगणात साप लगेच दिसतो आणि उघड्यावर थांबण्याचे टाळतो. भिंतीला टेकणाऱ्या वेली आणि छपराला लागणाऱ्या फांद्या छाटल्या जातात, कारण चढणारे साप त्यांवरून कवेलूंपर्यंत जाऊ शकतात. सांदवाडीतील भोपळा, दोडका किंवा वालाचे मांडव भिंतीपासून दूर घेतल्यास आडोसा कमी होतो. खरकटे व उरलेला भात उघड्यावर टाकल्यास उंदीर वाढतात. असा कचरा झाकलेल्या खड्ड्यात टाकणे योग्य ठरते.

भाजीच्या वाडीभोवती लावलेल्या बारीक नायलॉनच्या जाळीत साप अडकून जखमी होतात किंवा मरतात. अडकलेला विषारी साप सोडवणे धोक्याचे असते. म्हणून अशी जाळी साप रोखण्यासाठी वापरली जात नाही.

धान, तणस आणि सरपण

धान्य उघड्या पोत्यांत ठेवण्याऐवजी घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवल्यास उंदरांचा उपद्रव कमी होतो. पारंपरिक कणगी किंवा ढोली वापरायची असल्यास ती जमिनीपासून उंच, भिंतीपासून सुटी आणि बाहेरून नीट लिंपलेली असावी. पोती भिंतीला चिकटवून न रचता फळ्यांवर ठेवली तर मागची जागा पाहता व झाडता येते.

तणसाचा ढीग आणि धानाचे पुंजणे यांत सांडलेले दाणे खाण्यासाठी उंदीर येतात. शक्य असेल तेथे ते राहत्या खोलीपासून दूर रचले जातात. सरपण दगड किंवा लाकडी ओंडक्यांवर, जमिनीपासून सुमारे एक फूट उंच रचल्यास खालची जागा उघडी राहते. गोवऱ्या, सरपण किंवा तणस काढण्यापूर्वी काठीने ढीग हलवणे, दिवसाउजेडी काढून ठेवणे आणि न पाहता हात आत न घालणे या सवयी दंश टाळण्यात मोलाच्या आहेत.

उंदरांसाठी पिंजरे वापरणे विषारी आमिषापेक्षा सुरक्षित असते. विष खाल्लेला उंदीर मांजर, घुबड किंवा साप यांच्या पोटात गेल्यास उंदरांचे नैसर्गिक शत्रूच कमी होतात. शिवाय आमिष लहान मुले व जनावरांनाही घातक असते. उंदीर संपल्यावर रिकामी बिळे माती व खडी ठासून बुजवावी लागतात. बिळात साप असण्याची शक्यता असल्यास ते खोदले जात नाही.

घराची दुरुस्ती

सापाची लहान पिल्ले सुमारे अर्धा सेंटीमीटर रुंदीच्या फटीतूनही आत येऊ शकतात. त्यामुळे दरवाज्याखालची फट सर्वप्रथम बंद केली जाते. त्यासाठी लाकडी पट्टी, रबराची पट्टी किंवा उंच उंबरठा उपयोगी पडतो. मोरी व सांडपाण्याच्या नळीच्या बाहेरच्या तोंडाला बारीक छिद्रांची धातूची जाळी बसवतात. भिंत आणि जमीन मिळते तेथील भेगा, जात्याभोवतीची पोकळी आणि चुलीमागची उंदरांची भोके माती, चुना किंवा सिमेंटने भरतात. मातीच्या घरात हे काम एकदाच करून संपत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी भिंती लिंपून घेण्याची जुनी पद्धत या दृष्टीनेही उपयुक्त आहे.

भेग बुजवण्यापूर्वी आत साप नाही याची खात्री आवश्यक असते. अन्यथा साप आतच कोंडला जाऊन घराच्या दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो.

गोठा आणि खुराडा

गोठ्यातील गव्हाणीखालचे उरलेले वैरण रोज काढले जाते. खुराड्याला बारीक छिद्रांची जाळी लावून तो जमिनीपासून उंच ठेवतात आणि अंडी संध्याकाळपूर्वी गोळा करतात. मांजर उंदीर कमी करते, तर कुत्रा साप दिसल्याचा इशारा देतो. मात्र दोघांनाही दंश होऊ शकतो. मुंगूस सापांची शिकार करते, परंतु तो वन्यप्राणी असल्याने पाळता येत नाही.

रात्रीची झोप

घराची कितीही डागडुजी केली तरी धानपट्ट्यात मण्यार घरात येणार नाही याची हमी देता येत नाही. म्हणून झोपण्याच्या जागेला विशेष महत्त्व आहे. जमिनीवर अंथरूण घालण्याऐवजी खाटेवर किंवा पलंगावर झोपणे, खाट भिंतीपासून सरकवून ठेवणे आणि पांघरुणाची टोके जमिनीला टेकू न देणे, हे उपाय सुचवले जातात.

मच्छरदाणीचा उपयोग अभ्यासातूनही दिसून आला आहे. नेपाळच्या आग्नेय तराई भागातील २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका लक्षणीयरीत्या कमी होता. मच्छरदाणीची कड गादीखाली किंवा चटईखाली सर्व बाजूंनी खोचलेली असणे मात्र आवश्यक आहे. एका बाजूने मोकळी असलेली मच्छरदाणी सापाला अडवत नाही. पूर्व विदर्भ हा हिवतापाचाही पट्टा असल्याने एकाच साधनाने दोन्ही धोके कमी होतात. खाट विकत घेणे परवडत नाही अशा घरात जमिनीवरच्या अंथरुणालाही मच्छरदाणी लावता येते.

उशाशी विजेरी ठेवणे, रात्री पाय जमिनीवर टेकण्यापूर्वी उजेड पाडणे, अंधारात अनवाणी न चालणे आणि पायताण घालण्यापूर्वी झटकणे या सवयींना खर्च जवळजवळ नाही. शौचालय घराजवळ असणे व तेथवरची वाट उजेडाची असणे हाही सर्पप्रतिबंधाचाच भाग आहे.

ऋतुमानानुसार खबरदारी

मोहफुले वेचण्याच्या काळात, मार्च-एप्रिलमध्ये, लोक पहाटेपूर्वी घराबाहेर पडतात. त्या वेळी विजेरी, काठी व पायताण आवश्यक ठरते. मे महिन्यात भिंती, छप्पर व मोऱ्यांची दुरुस्ती उरकली जाते आणि सरपण कोरड्या, उंच जागी हलवले जाते. जून ते सप्टेंबर हा सर्वाधिक जोखमीचा काळ असतो. पऱ्हे टाकणे आणि रोवणी याच काळात होते, बिळांत पाणी भरते आणि नव्याने जन्मलेली पिल्ले बाहेर पडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये धान कापणीच्या वेळी कडपा उचलताना घोणशीचा धोका असतो. कडपा आधी काठीने किंवा विळ्याच्या टोकाने हलवून मग उचलला जातो. कापणीनंतर उंदीर शेतातून घराकडे व पुंजण्यांकडे वळतात. हिवाळ्यात सापांची हालचाल मंदावते, तरी उन्हासाठी ते धुऱ्यावर किंवा अंगणाच्या कडेला येऊन बसतात.

कुंपण

संपूर्ण आवाराला सापरोधक कुंपण घालणे खर्चिक असते. परंतु शाळा, अंगणवाडी किंवा मुलांची खेळण्याची जागा अशा मर्यादित क्षेत्रासाठी ते व्यवहार्य ठरते. अशा कुंपणासाठी सुमारे ६ मिलिमीटर छिद्रांची धातूची जाळी वापरतात. ती साधारण १५ सेंटीमीटर जमिनीत गाडलेली, ७५ ते ९० सेंटीमीटर उंच आणि बाहेरच्या बाजूस किंचित झुकलेली असते. जाळीचे खांब आतल्या बाजूने असावे लागतात. कुंपणाला टेकलेले गवत किंवा वेल सापाला शिडीसारखे उपयोगी पडते, म्हणून दोन्ही बाजू मोकळ्या ठेवाव्या लागतात. फाटकाखालची फट बुजवली नसेल तर कुंपण व्यर्थ ठरते.

निष्प्रभ व घातक समजुती

डांबराच्या गोळ्या, गंधकाची पूड, फिनाईल, रॉकेल, लसूण, हळद यांचा वास सापाला दूर ठेवतो अशी समजूत सर्वत्र आढळते. डांबराच्या गोळ्या व गंधक यांच्या चाचण्यांत साप खात्रीने दूर राहतात असे आढळलेले नाही. कार्बोलिक ॲसिड त्वचा भाजणारे व विषारी रसायन आहे. ते अंगणात शिंपडल्यास मुले, कोंबड्या आणि गुरे यांना अपाय होतो. डांबराच्या गोळ्या मुलांनी गिळल्यास विषबाधा होते. झेंडू, सर्पगंधा किंवा गवती चहा लावल्याने साप येत नाहीत याला आधार नाही. उलट दाट वाढलेली झुडपे आडोसाच पुरवतात. कंप निर्माण करणाऱ्या यंत्रांचीही खात्री देता येत नाही. चालताना काठी आपटण्याचा उपयोग वेगळा आहे: जमिनीतील कंपने जाणवल्याने साप वाटेतून सरकण्याची शक्यता असते, पण घोणस अनेकदा जागेवरच पडून राहते.

या उपायांचा मुख्य तोटा खोट्या निर्धास्तपणाचा आहे. घराभोवती पूड टाकली म्हणून मच्छरदाणी न लावणे अधिक धोक्याचे ठरते. साप दूध पिण्यासाठी घरात येतो, मारलेल्या सापाची जोडीदारीण सूड घेते, या समजुतीही निराधार आहेत.

साप घरात आढळल्यास

घरात साप दिसल्यास मुले व जनावरे दूर नेऊन सापावर सुरक्षित अंतरावरून नजर ठेवली जाते. सापाला बाहेर जाण्याची वाट मोकळी असेल तर तो अनेकदा स्वतःच निघून जातो. काठीने डिवचणे, बिळात धूर करणे किंवा पकडण्याचा प्रयत्न करणे टाळावे लागते. मारण्याच्या वा पकडण्याच्या प्रयत्नात अनेक दंश होतात. महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर किंवा प्रशिक्षित सर्पमित्राशी संपर्क साधला जातो.

भारतातील सापांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यांना मारणे, बाळगणे, त्यांचे खेळ करणे किंवा व्यापार करणे गुन्हा ठरू शकतो. धामणीसारखा साप हटवल्याने उंदीर वाढतात आणि पर्यायाने इतर साप येण्यास वाव मिळतो. म्हणून कायद्याखेरीज शेतीच्या हिताच्या दृष्टीनेही साप वाचवणे महत्त्वाचे मानले जाते.

दंश झाल्यास

प्रतिबंध अयशस्वी झाल्यास वेळ निर्णायक ठरतो. दंश झालेल्या व्यक्तीला शांत ठेवून, अंगठ्या, बांगड्या व घट्ट कपडे काढून, दंश झालेला अवयव न हलवता रुग्णालयात नेले जाते. जखम कापणे, चोखणे, दोरीने करकचून बांधणे किंवा मांत्रिकाकडे नेणे यांत मोलाचा वेळ जातो व इजा वाढते. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. साप मारून किंवा पकडून सोबत नेण्याची गरज नसते. लक्षणांवरून उपचार ठरवले जातात.

पहाटे उठल्यावर अकारण पोटदुखी, उलटी, घशात अडकल्यासारखे वाटणे, पापण्या जड होणे किंवा बोलण्यात अडखळणे ही लक्षणे मण्यारीच्या दंशाची असू शकतात. अंगावर खूण नसली तरी अशा रुग्णाला, विशेषतः तो जमिनीवर झोपला असेल तर, तातडीने रुग्णालयात नेणे आवश्यक असते. भारतात वापरली जाणारी बहुगुणी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांवर तयार केलेली असते. मुंबईतील हाफकिन ही संस्था या लसनिर्मितीशी दीर्घकाळ निगडित आहे. विषाने श्वसनाचे स्नायू दुबळे झाल्यास कृत्रिम श्वसनाची गरज भासते, त्यामुळे ही सोय असलेल्या रुग्णालयात वेळेत पोहोचणे महत्त्वाचे असते.

व्यापक संदर्भ

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले. वार्षिक सरासरी सुमारे ५८,००० येते. यांतील बहुतेक मृत्यू ग्रामीण भागातील असून सुमारे निम्मे जून ते सप्टेंबर या महिन्यांत झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. भारत सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशविषयक राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला; २०३० पर्यंत सर्पदंशाने होणारे मृत्यू निम्म्यावर आणणे हे त्याचे उद्दिष्ट आहे.

मर्यादा

वरील उपाय घरमालकाच्या ऐपतीवर व जागेवर अवलंबून असतात. मातीची भिंत दरवर्षी उंदीर पोखरतात, तणस ठेवायला दूरची जागा सर्वांकडे नसते आणि धान घरात आणल्याशिवाय गत्यंतर नसते. एका घराने उंदीर कमी केले तरी शेजारचे पडीक घर किंवा गावाच्या कडेचा उकिरडा तसाच राहिल्यास परिणाम मर्यादित राहतो. त्यामुळे नाल्यांची सफाई, पडीक जागांची देखभाल आणि कचऱ्याची विल्हेवाट ही कामे गावपातळीवर व्हावी लागतात. सापमुक्त गाव हे धानपट्ट्यात साध्य होणारे उद्दिष्ट नाही. साप आणि झोपलेला माणूस यांच्यामध्ये नीट खोचलेली मच्छरदाणी असणे, हे मात्र बहुतेक घरांच्या आवाक्यातील आहे.